आधी छत, मग सोलर

‘छतावर सोलर बसवा, वीजबिल शून्य करा’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावांतही लागल्या आहेत. योजना खरी आहे, फसवणूक नाही. केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत २०२४ पासून राहत्या घराच्या छतासाठी एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये मदत मिळते. ज्यांचे छत स्वतःचे आहे त्यांनी तिचा फायदा जरूर घ्यावा.

पण ही पाटी वाचताना माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. ज्या छतावर ते पॅनल चढणार, त्या छताखाली मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरातली माणसे बसू शकतात का? बसू शकत नसतील तर आपण तापल्या तव्यावर बसून पंख्यासाठी सूर्याकडे वीज मागतो आहोत. आणि तवा तापवणाराही तोच सूर्य आहे.

वास्तुविशारद मंडळी आजकाल ‘निव्वळ शून्य ऊर्जेची इमारत’ असा शब्द वापरतात. नाव जड आहे, अर्थ किराणा दुकानाच्या वहीइतका सोपा आहे. वर्षभरात घराने बाहेरून जितकी वीज घेतली, तितकीच आपल्या छतावर तयार करून परत दिली, की खाते बरोबर. ‘निव्वळ’ म्हणजे घेणे वजा देणे. एखाद्या महिन्यात घेतले जास्त, एखाद्या महिन्यात दिले जास्त, वर्षाअखेर शिल्लक शून्य.

या वहीत दोन रकाने असतात, आणि पाटीवाला आपल्याला एकच दाखवतो. जमेचा रकाना पॅनलने भरतो, त्याला पैसे लागतात. खर्चाचा रकाना घर कसे बांधले त्यावर ठरतो, त्याला पैशांपेक्षा विचार जास्त लागतो. आपल्याकडे इस्राफ हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. गरजेपेक्षा जास्त खर्चणे अल्लाहला पसंत नाही हे आपण जेवणाच्या ताटावर शिकवतो, वुजूच्या पाण्यावर शिकवतो. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशा अर्थाची हदीस मकतबात सगळ्यांनी ऐकलेली असते. छतावर वीज फुकट तयार होते म्हणून घर हवे तितके तापू द्यावे, हा त्याच नदीकाठचा प्रश्न आहे.

ज्या इमारतींनी हे खाते खरेच जुळवले, त्यांनी सुरुवात पॅनलपासून केलेली नाही. दिल्लीत जोरबागेजवळ केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इंदिरा पर्यावरण भवन ही इमारत २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या छतावर ९३० किलोवॅटचे पॅनल आहेत आणि फोटोत तेच दिसतात. पण त्याआधी नकाशा काढणाऱ्यांनी इमारतीची तोंडे उत्तर-दक्षिण ठेवली, मधोमध मोठे मोकळे अंगण सोडले आणि दिवसाचा उजेड खोल्यांत येईल अशी रचना केली. विजेची गरज आधी कमी केली, मग उरलेल्या गरजेपुरते पॅनल लावले. आपल्याला जवळचे उदाहरण हैदराबादचे. उमरग्याहून हायवेने सरळ जाता येते. तिथे सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर नावाची इमारत २००४ मध्ये उभी राहिली, राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी तिचे उद्घाटन केले होते. त्या इमारतीत मधे गोल अंगण आहे, भिंतींना जाळ्या आहेत आणि वारा पकडून आत सोडणारे मनोरे आहेत. अंगण, जाळी, वाऱ्याचा मनोरा. या तिन्ही गोष्टी कोणत्या प्रयोगशाळेत सापडलेल्या नाहीत. दख्खनपासून इराणच्या यज्दपर्यंत आपल्या जुन्या वस्त्यांत त्या शतकानुशतके होत्या.

म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, जुनी घरेच बरी होती. शहरातल्या माणसाने असे म्हटले तर मी ऐकून घेते. लोहाऱ्यात हे वाक्य इतक्या सहज कुणाला म्हणता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला थोडी मिनिटे कमी. किल्लारीचा भूकंप म्हणून जग त्याला ओळखते, पण आपल्या बाजूला सास्तूरने काय भोगले ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. तेव्हा लोहारा वेगळा तालुका नव्हता, ही सगळी गावे उमरगा तालुक्यात होती. हजारो माणसे गेली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आणि माणसे जमीन हलल्याने मेली नाहीत, आपापल्या घराखाली मेली. झोपेत.

ते घर कसे होते हे तिशीच्या आतल्या वाचकांनी पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, मधे दगडगोटे आणि माती भरलेली. दोन पदरांना एकत्र बांधणारा लांब आडवा दगड बहुतेक ठिकाणी नसायचा. सांध्यात चुना नाही, चिखल. वर लाकडी खांब, तुळया, त्यावर सरे, सऱ्यांवर किलचण, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हे माळवद. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकायची रीत होती, कारण जुनी वाहून जाई, गळती लागे. पण जितकी वाहून जाई त्यापेक्षा जास्त टाकली जाई. आजोबांच्या काळात हातभर असलेला थर नातवाच्या काळात दीड-दोन हात होई. त्या पहाटे भिंतीचे दोन्ही पदर सुटून कोसळले आणि टनावारी माती खाली आली. जिथे लाकडी खांब-तुळयांचे सांधे पक्के होते, तिथे भिंती पडूनही माळवद खांबांवर उभे राहिल्याची उदाहरणे आहेत. पण अशी घरे थोडी.

आता त्याच घराची दुसरी बाजू. ते घर थंड होते. दुपारी बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन आणि आत ओसरीवर घोंगडी टाकून म्हातारी माणसे निवांत झोपलेली, पंखा नाही. याचे कारण तेच वजन. जाड दगड आणि माती दिवसभर उष्णता पीत राहतात. ती आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री आपल्याकडे हवा उतरते. मराठवाड्याची रात्र मुंबईसारखी दमट नसते. साण्यातून आणि दारातून गार वारा आत फिरे, भिंती पुन्हा निवत, सकाळी घर परत तयार. त्या घराला विजेचे खाते शून्य ठेवण्यासाठी पॅनल लागत नव्हते, कारण खर्चच नव्हता.

म्हणजे ज्या वजनाने घर थंड ठेवले, त्याच वजनाने माणसे मारली.

भूकंपानंतर सरकारने आणि संस्थांनी बांधून दिलेली घरे हलक्या छताची, पक्क्या सांध्याची होती. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. दगडाच्या भिंतीजवळ झोपायला लोक वर्षानुवर्षे घाबरत, कित्येकांनी पत्र्याच्या शेडमध्ये संसार केले. ती भीती योग्यच होती. त्या अनुभवातून आमच्या पिढीने एकच गोष्ट उचलली: दगड-माती म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जीव. सिमेंटने जीव वाचवला हे खरेच. पण नव्या घरातून थंडावा गेला तेव्हा त्याची दखल कुणी घेतली नाही. जिवंत आहोत हेच खूप होते. आज ३० वर्षे उलटून गेल्यावर आपण अजूनही तसेच बांधतो आहोत. उघडा स्लॅब, चार इंची भिंत, पश्चिमेला काचेची खिडकी, आणि वर ‘एसी घ्यावा लागेल’ हे वाक्य.

थंडावा वजनाशिवाय मिळत नाही, ही आपली समजूत आहे, आणि ती खरी नाही. वजन हा थंडाव्याचा एक मार्ग. सावली, पांढरा रंग, पोकळी आणि वारा हे दुसरे मार्ग. त्यांना वजन जवळजवळ नसते. सुरक्षित घर आणि गार घर यांत निवड करायची गरज नाही. मात्र हे बांधायच्या आधी ठरवावे लागते.

सुरुवात छतापासून करू, कारण आपल्याकडे सूर्य तिथूनच मारतो. लोहारा साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेत आम्ही मुलांना मैदानात काठी रोवून तिची सावली नाहीशी झालेली दाखवतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत भिंतींवर दुपारचे ऊन कमी, सगळे ऊन छतावर. देशाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली आहे. आपला नेहमीचा उघडा सहा इंची स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. शिवाय तो उशिरा सोडतो. दुपारचे ऊन प्यायलेला स्लॅब रात्री नऊ-दहाला आत ओकू लागतो. इशाची नमाज पढून पाठ टेकावी तर पंखा गरम वारा फेकतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्यात पंख्याचा दोष नाही, तो छताजवळची हवाच खाली ढकलतो.

सगळ्यात स्वस्त उपाय चुना. भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून स्लॅबला दोन हात द्यायचे, मार्चमध्ये. पांढरे छत ऊन परत फेकते, खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. हा हात दरवर्षी द्यावा लागतो, आणि चुना डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. ज्यांना दरवर्षी नको त्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर द्यावा, गवंडी त्याला चायना मोझॅक म्हणतात. तो पाणीही अडवतो. अहमदाबादने गरीब वस्त्यांची छते पांढरी करण्याची मोहीम घेतली, आणि शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये पांढऱ्या, गार छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्या बाजूला त्याची फारशी चर्चा ऐकू येत नाही.

त्याहून चांगली गोष्ट सावली. छतावर ऊन पडूच दिले नाही तर पुढचे प्रश्नच उरत नाहीत. गच्चीवर हलका मांडव घालून दोडक्याचा किंवा गिलक्याचा वेल चढवा, भाजी मिळेल ती वेगळीच. वेलाची माती मात्र जमिनीवर असू द्या, वेल दोरीने वर न्या. गच्चीवर मातीचे वाफे करण्याचे सध्या वेड आहे. शहरातले व्हिडिओ बघून लोक स्लॅबवर टनभर माती चढवतात. आपल्या तालुक्यात तरी छतावर माती चढवताना हात थरथरायला हवा.

नवे घर बांधणार असाल तर अभियंत्याला दोन गोष्टी विचारा. एक, फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताकदीला फार उपयोगी नसते, तिथे सळ्यांच्या मधल्या चौकटींत मंगलोरी कौले किंवा मातीची भांडी बसवतात. काँक्रीट वाचते, छत हलके होते आणि कौलांमधली हवा उष्णता अडवते. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने केरळात अशी शेकडो घरे बांधली. माणूस इंग्लंडात जन्मला आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला वारला, आयुष्यभर गरिबांसाठी स्वस्त घरे हाच ध्यास. दुसरी, विटांची उभी जोडणी, जिला बेकरच्या लोकांनी रॅट ट्रॅप हे गमतीचे नाव दिले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात. पण दोन्ही कामे अनुभवी माणसाकडूनच, आणि दोन्हींत भूकंपाच्या आडव्या पट्ट्या म्हणजे जोत्याच्या, लिंटलच्या आणि छताच्या पातळीवरचे सळईचे बीम सोडायचे नाहीत. २००२ च्या भूकंप नकाशात आपला भाग तिसऱ्या विभागात गेला. त्याआधी तो सगळ्यात सुरक्षित विभागात मोजला जाई. गवंडी म्हणाला ‘पट्टीची काय गरज’, तर गवंडी बदला.

ज्यांची माळवदाची घरे अजून उभी आहेत, त्यांनाही एक सांगणे. सगळे पाडून स्लॅब टाकण्याआधी अभियंत्याला दाखवा. छतावरची जादा माती उतरवून थर वीतभर ठेवणे, भिंतीत दर चार फुटांवर आरपार दगड किंवा सळईचा सांधा घालणे, खांब-तुळयांच्या कोपऱ्यांना आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकणे, असे उपाय भूकंपानंतर अभियंत्यांनी याच भागासाठी सुचवले होते. काही घरे त्याने वाचतात, काही वाचत नाहीत. ते बघणाऱ्याने ठरवायचे. शेजाऱ्याने नव्हे.

छतानंतर दिशा. दक्षिणेचे ऊन हिवाळ्यात तिरपे येते, त्याला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन संध्याकाळी आडवे येते, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून पश्चिमेला जिना, कोठी, न्हाणी-संडास द्यावे आणि राहत्या खोल्या त्यांच्या आडोशाला ठेवाव्यात. संडासाबद्दल आपल्यात लगेच शंका निघते. बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ होऊ नये म्हणून सीट उत्तर-दक्षिण बसवायची, तेवढे सांभाळले की खोली पश्चिमेच्या बाजूला असायला अडचण नाही. स्वयंपाकघर मात्र पश्चिमेला नको. दुपारच्या भाकरी आणि रमजानमधली असरनंतरची तळणी त्याच भिंतीशी उभी राहून करायची असते. घराचा नकाशा ठरवताना पुरुष मंडळी दर्शनी भिंतीच्या कमानीवर आणि दारावरच्या ‘माशाअल्लाह’च्या टाइलवर तासभर बोलतात. स्वयंपाकघराची खिडकी कुठे, हे घरातल्या बाईला विचारायला पाच मिनिटे लागतात, तीही काढत नाहीत.

खिडक्यांचे आपले दुखणे वेगळे आहे. पडदा हवा म्हणून खिडकी लहान, आणि जी आहे तिच्यावर जाड कापड. मग वारा येणार कुठून? आपल्या बुजुर्गांनी यावर जाळीचे उत्तर काढले होते. जाळीतून आतल्या माणसाला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. ऊन चाळून येते, वारा अडत नाही. आज दगडाची जाळी कुणी करत नाही, पण विटांची किंवा सिमेंटची जाळी कोणताही गवंडी बांधतो. समोरच्या भिंतीत उंचावर झरोका ठेवला की गरम हवा वरून निघून जाते आणि जाळीतून गार हवा ओढली जाते. धाब्याच्या घरातले साणे हेच काम करायचे. काच आणि पडदा मिळून जे करतात, ते जाळी एकटी करते, तेही बिल न येता.

आता हिशेब. माझ्या सातवीच्या मुलांकडून मी हा फळ्यावर करून घेते. घरात चार पंखे, साधा पंखा ७५ वॅटचा, रोज बारा तास. म्हणजे ३.६ युनिट. तेच पंखे बीएलडीसी घेतले तर साधारण ३० वॅटचे, म्हणजे १.४४ युनिट. फ्रीजचे ०.९ धरा. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास, ०.२७. टीव्ही ०.३, पाण्याची मोटर ०.४. बेरीज ३.३१ युनिट रोज, महिन्याला शंभराच्या जवळपास. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला, स्वस्त टप्पाही शंभर युनिटांपर्यंतच असतो. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतात. म्हणजे छत गार असलेल्या घराचे खाते एका किलोवॅटमध्ये जुळते.

आता त्याच घरात दीड टनाचा एसी आला, कारण स्लॅब तापतो. रात्री आठ तास चालला तर सुमारे आठ युनिट जातात. एक किलोवॅट कुठल्या कुठे राहिले, आता तीन हवेत. तीन किलोवॅटला सरकारी मदत जास्त मिळते हे खरे, पण उरलेला खर्च आणि एसीची किंमत आपल्याच खिशातून जाते. चुन्याच्या दोन बादल्यांशी याची तुलना मुले स्वतःच करतात, मला सांगावे लागत नाही.

पॅनल घेताना विक्रेता सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट इथेच सांगते. नेट मीटरची साधी व्यवस्था महावितरणची वीज गेली की आपणहून बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या पॅनलचा झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भर दुपारी ऊन असते, छतावर पॅनल असतात, आणि तरी भारनियमनात पंखा फिरत नाही. मग लोक फसवल्यासारखे चिडतात. वीज गेल्यावरही चालायला हवी असेल तर बॅटरीची हायब्रिड व्यवस्था घ्यावी लागते, ती महाग. पॅनल माणसाच्या उंचीच्या सांगाड्यावर बसवले तर छताला सावली मिळते आणि खाली खाटा टाकता येतात. तोंड दक्षिणेला ठेवा, आणि आपल्याकडच्या धुळीत महिन्यातून दोनदा पुसायचे विसरू नका.

पाणी आणि वारा यांना कामाला लावण्यात आपले पूर्वज किती पुढे होते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. नळदुर्गचा पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, बोरी नदीच्या बांधाच्या पोटात. बांधाचे पाणी मागे आणि पुढून पडते, मधल्या दालनात भर उन्हाळ्यातही गारवा. औरंगाबादची पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी आणून उंचावरून पाडायचे, त्या जोराने जाते फिरायचे आणि दर्ग्याच्या मुसाफिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जायचे. समोरचा मोठा हौद हे खालच्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी, खाली मुसाफिरांची विसाव्याची जागा. सहलीला नेलेली मुले हौदातले मासे पाहतात आणि पुढे जातात. त्यांना खालच्या दालनात नेऊन खांबाला हात लावायला सांगावे.

अर्थात जुने आणले म्हणजे लोक राहतीलच असे नाही. इजिप्तचे हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ नवे गुर्ना गाव मातीच्या विटांचे, घुमटांचे, वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांचे बांधले. जगाने कौतुक केले, १९८० मध्ये आगा खान पुरस्काराच्या वेळी त्यांचा खास गौरव झाला. ज्यांच्यासाठी गाव होते ते गावकरी मात्र तिथे जायला फारसे राजी नव्हते. त्यांचे जुने घर, जुना धंदा दुसरीकडे होता. पुनर्वसनाच्या गावात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. घर कितीही शहाण्याने काढले असले तरी राहणाऱ्याला विचारून काढले पाहिजे.

शेवटी मस्जिदीबद्दल. महाराष्ट्रातून किब्ला जवळजवळ पश्चिमेला येतो. म्हणून आपल्या जुन्या मस्जिदींची मिहराबची भिंत पश्चिमेला, जाड आणि बंद. उघडे तोंड पूर्वेला, पुढे सहन आणि हौद. असरच्या वेळचे आडवे ऊन त्या बंद भिंतीवर आपटते, आत सावली आणि पूर्वेकडून वारा. किब्ल्याने आपोआप दिलेली ही सोय आहे. आता बांधकाम वाढवताना आपण तीच भिंत फोडून काचेच्या खिडक्या करतो, सहनावर पत्रा टाकतो, आणि मग जुम्याच्या तासाभरासाठी एसीची वर्गणी काढतो. पत्र्याच्या जागी दुहेरी छत किंवा वेलीचा मांडव, आत बीएलडीसी पंखे, नळांना कमी धारेचे तोंड, एवढे केले तरी बिल खूप उतरेल. मोरोक्कोच्या सरकारने २०१६ मध्ये मस्जिदींना एलईडी दिवे, सौर पाणी-तापक आणि पॅनल देण्याची मोहीम काढली. मराकेशच्या कुतुबिया मस्जिदीवरही पॅनल आले. आपल्याकडे ‘सूर्यघर’ची मदत घरांना आहे, मस्जिदीला नाही, म्हणून जमातीने आधी खर्चाचा रकाना बघावा आणि मग पॅनलच्या वर्गणीकडे वळावे. जोहर आणि जुमा दिवसा असल्याने मस्जिदीची बरीच वीज पॅनलवर थेट भागेल. तरावीहचा हिशेब वेगळा धरावा लागेल.

ईदनंतर बांधकाम काढणारी, आखाती देशातून भावाचे पैसे आले की स्लॅब टाकणारी पुष्कळ घरे या अंकाच्या वाचकांत असतील. त्यांनी आणि ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे त्यांनीही एक काम करून पाहावे. साधा भिंतीवरचा थर्मामीटर घ्या, छतापासून हातभर खाली टांगा. चार दिवस दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहा. मग चुन्याचे दोन हात द्या आणि पुढचे चार दिवस त्याच वेळी पुन्हा लिहा. ऊन-ढगांची नोंदही शेजारी असू द्या. मुलांना सांगा, ती न विसरता करतात. आकडे गावाच्या आणि छताच्या प्रकारासह मासिकाच्या पत्त्यावर पाठवले तर जून-जुलैच्या अंकात स्लॅब, पत्रा आणि माळवद असे तीन रकाने करून छापता येतील.